लव्हाळ्याचा ‘समूळ नायनाट’: एका शब्दप्रयोगाची झडती

भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये पुसा बासमती १९७९ आणि पुसा बासमती १९८५ हे भाताचे दोन वाण प्रसारित केले. इमाझेथापायर नावाचे तणनाशक फवारले तरी हे वाण मरत नाहीत. त्यात परका जनुक घातलेला नाही, भाताच्याच एका जनुकातील उत्परिवर्तनाचा उपयोग केलेला आहे. काम चोख आहे, त्यामागचे संशोधन अस्सल आहे, आणि पाणी व मजुरी वाचवणाऱ्या थेट पेरणीच्या भाताला त्याची गरजही आहे. आक्षेप संशोधनाला नाही. आक्षेप आहे तो अशा प्रत्येक बातमीच्या पाठोपाठ येणाऱ्या एका शब्दप्रयोगाला: ‘तणांचा समूळ नायनाट’. या तीन शब्दांत वनस्पतिशास्त्राच्या तीन चुका आहेत. ‘तण’ ही वनस्पतीची जात नव्हे, ‘समूळ’ हा शब्द ज्या वनस्पतीला लावला जातो तिचा प्रश्न मुळांचा नव्हेच, आणि ‘नायनाट’ ही गोष्ट निदान एका वनस्पतीच्या बाबतीत कोणत्याही रसायनाने आजवर कोठेही साधलेली नाही. ती वनस्पती म्हणजे लव्हाळा.

संस्कृत वैद्यकाची मुस्ता, बाजारातला नागरमोथा, हिंदी पट्ट्यातला मोथा आणि महाराष्ट्राच्या शेतातला लव्हाळा ही नावे प्रामुख्याने ज्या वनस्पतीला लावली जातात, तिचे शास्त्रीय नाव सायपेरस रोटुंडस. लिनीयसने १७५३ मध्ये तिला हे नाव दिले. वर्तमानपत्रे तिला बेधडक ‘गवत’ म्हणतात. ती गवत नाही. गवताचे खोड गोल आणि बहुधा पोकळ असते. लव्हाळ्याचे खोड भरीव आणि तिधारी असते, दोन बोटांत धरून फिरवले की तिन्ही कडा जाणवतात. गवताची पाने खोडावर दोन रांगांत येतात, लव्हाळ्याची तीन रांगांत. सायपरेसी हे त्याचे कुळ गवताच्या कुळापेक्षा वेगळे आहे; जगात त्याच्या सुमारे साडेपाच हजार जाती आहेत आणि भारतात पाचशेहून अधिक. या कुळाच्या परागकणांची निर्मितीही विलक्षण आहे: विभाजनातून तयार झालेल्या चार पेशींपैकी तीन नष्ट होतात आणि एकच परागकण होऊन उरते. पदवीच्या विद्यार्थ्याला हे एका ओळीत सांगितले जाते, परीक्षेत एका गुणाला विचारले जाते आणि पुढे शेतात, तलावाकाठी किंवा बातमीत त्याची कोणालाच आठवण राहत नाही.

हा केवळ नावाचा काथ्याकूट असता, तर सोडून देता आला असता. पण ‘गवत’ म्हटले की उपटणे, कापणे, फवारणे हे उपाय आपोआप सुचतात, आणि लव्हाळ्याच्या बाबतीत हे तिन्ही उपाय ज्या भागावर होतात तो भाग त्याचे सर्वस्व नसतो. जमिनीवर दिसणारे झुपके ही या वनस्पतीची शाखा कार्यालये म्हणावीत. मुख्य कारभार खाली चालतो. प्रत्येक झुपक्याच्या बुडाशी फुगीर गाठ असते. तिथून पांढरी, बारीक भूमिगत खोडे आडवी पसरतात. त्यांच्या टोकाला कंद धरतो, त्या कंदातून पुन्हा खोड निघते, पुन्हा कंद धरतो. अशी कंदांची माळ तयार होते. बी धरते, पण त्यातले फारच थोडे उगवते. या वनस्पतीचा संसार मुख्यतः कंदांवर चालतो, आणि बहुतेक कंद जमिनीच्या वरच्या वीतभर थरातच असतात.

या माळेत एक शिस्त आहे आणि सगळा प्रश्न त्या शिस्तीत दडलेला आहे. माळ अखंड असेपर्यंत टोकाकडचा कंद उगवतो आणि बाकीचे बहुतेक निजून राहतात. माळ तुटली की हा दाब उठतो. ओल्या जमिनीत कुळव फिरला, रोटाव्हेटरने माती भुसभुशीत केली, खुरप्याने झुपका ओढला, की एका माळेचे दहा तुकडे होतात आणि दहा कंद स्वतंत्रपणे फुटतात. शेतकरी आठ दिवसांनी येऊन पाहतो तेव्हा शेत पूर्वीपेक्षा हिरवे असते. ‘उपटला की वाढतो’ हे खेड्यापाड्यांत सांगितले जाणारे निरीक्षण अंधश्रद्धा नाही. शरीरक्रियाशास्त्राच्या भाषेत त्याला अग्रप्रभुत्व म्हणतात.

तणनाशकाची गोष्टही याच शिस्तीपाशी येऊन अडते. ग्लायफोसेटसारखे आंतरप्रवाही रसायन पानांतून खाली जाते हे खरे. पण ते जाते अन्नरसाच्या ओघाबरोबर, आणि अन्नरस जातो तो वाढत्या, जागत्या भागांकडे. निजलेल्या कंदाकडे तो ओघ क्षीण असतो. पाने जळतात, छायाचित्र सुंदर येते, जाहिरात छापली जाते. निजलेले कंद पुढच्या पावसाची वाट पाहतात. सल्फोनिलयुरिया गटातील हॅलोसल्फ्युरॉन हे लव्हाळ्यावर तुलनेने अधिक परिणामकारक आहे आणि ऊस-मक्यात त्याचा वापरही होतो. तरी ‘परिणामकारक’ आणि ‘नायनाट’ यांत जे अंतर आहे ते निजलेल्या कंदांच्या संख्येएवढे आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली, तेव्हा झालेली चर्चा आरोग्य आणि व्यापार या दोन मुद्द्यांभोवती फिरली. हे रसायन ज्या तणांसाठी वापरले जाते त्यांतील सर्वांत चिवट तणापुढे ते मुळात किती पुरे पडते, हा तिसरा प्रश्न विज्ञानाच्या वार्ताहरांनी विचारायला हवा होता.

आता थेट पेरणीकडे परत येणे भाग आहे. चिखलणी करून, रोपे लावून, खाचरात पाणी उभे ठेवण्याची जुनी पद्धत ही केवळ लागवडीची पद्धत नव्हती. ती तणांच्या अधिवासावरची बंदी होती. उभ्या पाण्याखाली प्राणवायू मिळत नाही आणि कोरडवाहू जमिनीला सरावलेला लव्हाळा तिथे गुदमरतो. थेट पेरणीत ते पाणी काढून घेतले जाते. जमीन ओलसर, हवेशीर आणि उघडी राहते, म्हणजे लव्हाळ्याला हवी तशी होते. त्यात भात सी-३ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतो आणि लव्हाळा सी-४ पद्धतीने. कडक ऊन आणि चढते तापमान यांत दुसऱ्याची बाजू वरचढ ठरते. तेव्हा थेट पेरणीच्या शेतांत लव्हाळा वाढल्याच्या नोंदी येऊ लागल्या यात आश्चर्य काहीच नाही. आश्चर्य वाटावे ते दुसऱ्याच निरीक्षणाचे. फिलिपिन्समध्ये भातखाचरांत वाढणाऱ्या लव्हाळ्याचा अभ्यास झाला, तेव्हा तिथे पूर सोसणारा एक वेगळाच प्रकार घडल्याचे दिसले. त्याचे कंद कोरडवाहू भावंडांपेक्षा मोठे आणि कर्बोदकांचा साठा जास्त. पाण्याखालचे दिवस ते या शिदोरीवर काढतात. म्हणजे माणसाने पाण्याची बंदी घातली, तर काही ठिकाणी वनस्पतीने त्यावरही तोड काढली. जी जात शेतकऱ्याच्या प्रत्येक डावपेचाला अशी उत्तरे देते तिच्यापुढे एकाच रसायनाचा एकच प्रयोग वर्षानुवर्षे करीत राहणे याला विज्ञान म्हणता येणार नाही.

लव्हाळ्याच्या नावापुढे ‘जगातील सर्वांत वाईट तण’ ही पदवी लागते तीही तपासून घ्यावी. होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये जगातील वाईट तणांचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात लव्हाळा पहिला आहे. ९२ देश आणि ५२ पिके, अशी त्याची व्याप्ती तिथे नोंदली आहे. या क्रमांकाचा अर्थ नीट वाचला पाहिजे. मोजली गेली ती माणसाची शेती: किती देशांत, किती पिकांत अडचण झाली. वनस्पतीचा स्वभाव त्यात मोजलेला नाही. नांगर, कालवा, रोपवाटिकेची माती, बागेची माती यांनी कंद ज्या वेगाने जगभर नेले, त्याचा हा नकाशा आहे. ‘वाईट’ हे विशेषण वनस्पतीला लागले, वाहतूकदाराचे नाव मात्र कोणी घेतले नाही.

याच कंदाची दुसरी नोंदवही राजस्थानात भरतपूरला आहे. केवलादेव राष्ट्रीय उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे. पावसाळ्यात भरणारे आणि उन्हाळ्यात आटणारे उथळ पाणी हा त्याचा प्राण. सायबेरियातून सुमारे पाच हजार किलोमीटर उडून येणारे पांढरेशुभ्र सायबेरियन क्रौंच हिवाळाभर इथे राहत. ते या उथळ पाण्यात चोच खुपसून जे उकरीत, त्यात लव्हाळकुळातील वनस्पतींचे कंद प्रमुख होते, आणि त्यांत सायपेरस रोटुंडसही होता. १९६०च्या दशकाच्या मध्यावर तिथे सुमारे दोनशे क्रौंच मोजले गेले होते. १९८०च्या दशकाच्या आरंभी ते चाळिशीच्या आसपास आले. २००१-०२च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. त्यानंतर नाही.

या ऱ्हासाचे खापर एकाच गोष्टीवर फोडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. स्थलांतराच्या वाटेवर, विशेषतः अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या पट्ट्यात, झालेली शिकार हे मोठे कारण मानले जाते आणि संख्या आधीच घसरली होती. पण भरतपूरला १९८२ मध्ये जे घडले ते प्रत्येक जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचले पाहिजे. उद्यानात गुराढोरांची, म्हशींची चराई एका फटक्यात बंद करण्यात आली. विरोध झाला, पोलिसांचा गोळीबार झाला, गावकऱ्यांचे जीव गेले. चराई ही निसर्गाची शत्रू, हे गृहीतक कोणी तपासलेले नव्हते. मग मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या डॉ. व्ही. एस. विजयन आणि सहकाऱ्यांचा दीर्घ अभ्यास आला आणि त्याने उलटेच चित्र समोर ठेवले. म्हशी गेल्यावर पॅस्पॅलम डिस्टिकम हे खरोखरचे गवत बेफाम माजले. त्याच्या दाट जाळ्याने उघडे उथळ पाणी झाकले. पाणपक्ष्यांना पोहणे, उतरणे, तळाशी उकरणे अवघड झाले. ज्या म्हशींना उपद्रव मानून हाकलले त्या पॅस्पॅलमला आवरून धरीत होत्या. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची परवानगी द्यावी लागली. मेलेली माणसे त्या परवानगीने परत येणार नव्हती.

‘गवत’ आणि ‘लव्हाळा’ यांतला फरक कळणे म्हणजे काय, ते इथे दिसते. पाण्यात उभी राहणारी हिरवी, अरुंद पानांची प्रत्येक वनस्पती एकच, असे मानणाऱ्या डोळ्याला पॅस्पॅलमचा विस्तार आणि लव्हाळ्याचा पट्टा सारखाच दिसतो. क्रौंचाला तो सारखा दिसत नव्हता. त्याच पक्ष्याची पूर्वेकडील शाखा आजही चीनच्या पोयांग सरोवरात हिवाळा काढते तीही एका पाणवनस्पतीच्या, व्हॅलिस्नेरियाच्या, कंदांवर. पक्षी वाचवायचा तर त्याचा कंद ओळखावा लागतो.

हे ज्ञान भारताला परके नव्हते. कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार थांबवतो तेव्हा रानडुकरांना डबक्यांतील मुस्ता निर्धास्तपणे उकरू द्यावी, असे तो म्हणतो. कवीला प्राणी माहीत आहे, प्राण्याचे अन्न माहीत आहे, आणि ते अन्न नदीत किंवा खोल तळ्यात नव्हे तर पल्वलात, म्हणजे उथळ डबक्यात, मिळते हेही माहीत आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका नाटकातील ओझरत्या उल्लेखात अधिवासाची जेवढी अचूक नोंद आहे तेवढी आजच्या तलाव-सुशोभीकरणाच्या एखाद्या निविदेत दाखवून द्यावी.

सुशोभीकरणाचा विषय निघालाच आहे. देशातील कोणत्याही शहरात तलावाचे ‘पुनरुज्जीवन’ म्हटले की क्रम ठरलेला असतो: यंत्रे उतरवून काठ खरवडायचे, उतार तीव्र करायचा, दगडी पिचिंग करायचे, वर फरसबंद पदपथ आणि दिवे. तलावाची खोली वाढते, साठा वाढतो, आणि जिथे पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत असते तो पट्टा नाहीसा होतो. लव्हाळकुळातील बहुतेक पाणथळ जाती नेमक्या त्या पट्ट्यात राहतात. त्यांची मुळे काठची माती धरून ठेवतात, त्यांच्या खोडांमधून हवा चिखलात उतरते, त्यांच्या दाटीत मासे अंडी घालतात आणि बेडूक, चतुर, पाणकोंबड्या आसरा घेतात. सरळ उभ्या भिंतीला काठ म्हणत नाहीत. ती हौदाची बाजू असते. तलाव हौद झाला की त्याचे फोटो चांगले येतात, हे मात्र मान्य करावे लागेल.

यावर उत्तर मिळते की देशात पाणथळ जागांसाठी नियम आहेत, नकाशे आहेत, रामसर स्थळांची संख्या ऑगस्ट २०२४ मध्ये ८५ झाली आहे. संख्या खरी आहे. मात्र २०१७च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून भातखाचरे वगळलेली आहेत आणि पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी बांधलेले मानवनिर्मित जलाशयही वगळलेले आहेत. दख्खनच्या पठारावरचे आणि तमिळनाडूतले शेकडो वर्षे जुने तलाव मुळात सिंचनासाठीच बांधले गेले. त्यांच्या काठची सारी वनस्पतिसृष्टी या एका वाक्याने नियमाबाहेर जाते. इस्रोच्या अंतराळ उपयोग केंद्राने केलेली राष्ट्रीय पाणथळ गणना मोठ्या मोलाची आहे. देशात सुमारे १.५२ कोटी हेक्टर पाणथळ क्षेत्र असल्याचे तिनेच दाखवले. पण उपग्रहाच्या त्या नकाशांत पाणवनस्पती हा एकच थर आहे. जलपर्णीने गुदमरलेला तलाव आणि लव्हाळ्याच्या पट्ट्याने जिवंत असलेला तलाव दोन्ही तिथे हिरवेच. इतक्या उंचीवरून याहून अधिक दिसावे अशी अपेक्षा नाही. जमिनीवर उतरून पाहणाऱ्यांची मात्र आहे.

या युक्तिवादावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. उसात, कांद्यात, हळदीत लव्हाळ्याने उत्पन्न बुडते तो शेतकरी क्रौंचाची गोष्ट ऐकून काय करील? खुरपणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. आणि दिवसभर वाकून खुरपणारी बाई ही बहुतेक वेळा सर्वांत कमी मजुरी घेणारी असते. तिचे कष्ट कमी करणाऱ्या कोणत्याही साधनाला पर्यावरणाच्या नावाने नाक मुरडणे हा शहरी अप्पलपोटेपणा होईल. हा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. लव्हाळा शेतात राहू द्यावा असे इथे कोणी म्हणत नाही. म्हणणे इतकेच की शेतातही त्याला हरवायचे तर त्याचा अधिवास समजून घ्यावा लागेल, कारण त्याच्या दोन उघड दुबळ्या बाजू रसायनशास्त्रात नाहीत, परिस्थितिशास्त्रात आहेत.

पहिली, त्याला सावली सोसत नाही. सी-४ वनस्पतीची सारी मिजास उन्हावर. वरून पिकाचे छत्र लवकर दाटले तर लव्हाळ्याची कंदनिर्मिती मंदावते. ताग, धैंचा, चवळी यांसारखी झपाट्याने पसरणारी पिके आधी किंवा मध्ये घेतली, ओळीतले अंतर विचारपूर्वक ठरवले, तर कंद आपोआप अशक्त होतात. दुसरी, त्याचा कंद सुकवला की मरतो. ऐन उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना खोल नांगरून ढेकळे पालथी टाकली आणि कंद कडक उन्हात पडू दिले, तर बहुतेक गतप्राण होतात. ‘उन्हाळी नांगरट’ म्हणून आजोबा-पणजोबा जे करीत ते हेच. तीच नांगरट वळवाच्या पावसानंतर ओलीत केली, तर माळा तुटतात, कंद सुकत नाहीत आणि लव्हाळा दसपट होतो. एकच अवजार, एकच शेत. पंधरा दिवसांच्या फरकाने औषधाचे विष होते. या पंधरा दिवसांवर, वेगवेगळ्या मातींत आणि वेगवेगळ्या प्रदेशांत, सलग काही वर्षे चालणारे प्रयोग हवेत. ते कंटाळवाणे असतात, त्यांतून विकण्याजोगे काही निघत नाही, आणि त्यांची बातमी होत नाही.

या वनस्पतीकुळाने ज्यांचे संसार चालवले त्यांची बातमीही क्वचितच होते. तमिळनाडूत पत्तमडईच्या तलम चटया आणि पश्चिम बंगालमध्ये मेदिनीपूरची मादुरकाठी लव्हाळ्याच्याच जातभाईंच्या खोडांपासून विणली जाते. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. विणकराला मानांकन मिळाले, पण ज्या ओलसर काठावर ते खोड उगवते त्याला संरक्षण नाही. सुगंधाच्या व्यापारात नागरमोथ्याचे तेल जुने आहे. आणि एक गमतीची गोष्ट: लव्हाळ्याच्या कंदात सापडलेल्या एका संयुगाला त्याच्याच नावावरून रोटुंडोन म्हणतात, मिऱ्याला मिऱ्याचा वास आणि शिराझ द्राक्षाच्या वाइनला तिखट झाक याच संयुगामुळे येते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. मिरी आणि मोथा ही दोन्ही ज्या देशाच्या मातीतली, त्या देशात हा धागा कोणी आधी का ओढला नाही, हा प्रश्न प्रयोगशाळांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. थेट पेरणीच्या वाणांसोबत जी शिफारसपत्रके निघतात त्यांत वार्षिक तणे आणि कंदावर जगणारी बहुवार्षिक तणे वेगळी दाखवावीत आणि दुसऱ्या गटापुढे ‘नियंत्रण’ हा शब्द वापरताना ते पानांचे की कंदांचे, हे लिहावे. फवारणीच्या परिणामाचे आकडे पंधरा दिवसांनी नव्हे, पुढच्या हंगामातील जिवंत कंद मोजून द्यावेत. तलावाचा गाळ काढण्यापूर्वी काठच्या वनस्पतींची जातवार यादी कामाच्या अंदाजपत्रकाला जोडावी, आणि ती यादी जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी; तिधारी खोड आणि गोल खोड यांतला फरक एक गुणापुरता का होईना, त्यांना शिकवलेला असतो. भरतपूरला दर हिवाळ्यात पाणी सोडण्यावरून अजूनही खल चालतो: पाचना धरण, गोवर्धन नाला, किती दलघफू, कोणत्या महिन्यात. त्या हिशेबात कंदांचा रकाना अद्याप कोणी घातलेला नाही.